पसंतीला दिलेल्या साड्या आणि रत्नागिरीची परिषद

येणार नाही, असं मी तेजस्विनीला फोनवर दोनदा सांगितलं होतं. किरकोळ विक्री आणि ग्राहकसेवा यांवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दापोलीच्या साडीवालीचं काय काम? पण तिचा शोधनिबंध माझ्याच दुकानावर होता. आपल्याविषयी चारचौघांत काय बोललं जाणार आहे ते आपण स्वतः जाऊन ऐकावं, म्हणून तिसऱ्या फोनला हो म्हटलं. दुकान तीन दिवस पुतण्याकडे सोपवलं आणि निघाले.

तेजस्विनी रत्नागिरीची. तिथल्याच एका महाविद्यालयातून पीएचडी करते. गेल्या लग्नसराईत दोन महिने ती माझ्या दुकानात बसून नोंदी घेत होती. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, "गिऱ्हाईक समोर असताना मला प्रश्न विचारायचे नाहीत. गिऱ्हाईक नसताना मी घड्या घालते, तेव्हाही नाही. डोळे आहेत ना? बघ." पोरगी गुणाची. दोन महिने गप्प बसून बघत राहिली.

जानेवारीतली थंडी होती. सकाळची साडेसहाची एसटी पकडली. दापोलीला रेल्वे नाही हे नव्या वाचकांसाठी सांगते. खेडला जाऊन कोकण रेल्वे धरता येते, पण फलाटावर ताटकळण्यापेक्षा थेट एसटी बरी. साडेचार-पाच तास धरून चाला. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण सांगून घरी बसायची सोय राहिलेली नाही.

कंडक्टरने माझे पांढरे केस बघून विचारलं, "आजी, आधार कार्ड हाय ना? ज्येष्ठ नागरिक?"

"महिला म्हणून अर्धं द्या. पासष्टीची व्हायला मला अजून दोन वर्षं आहेत."

"पैसे तेवढंच लागतील, आजी."

"लागू देत. तिकीट खऱ्या कारणाचं द्या."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कंडक्टरने मान डोलावून तिकीट फाडलं आणि पुढे सावर्ड्यापर्यंत मला "मॅडम" म्हणत राहिला.

महामार्गाचं काम काही ठिकाणी सुरेख झालं आहे आणि काही ठिकाणी झालेलंच नाही. चांगला रस्ता लागला म्हणून डोळा मिटावा, तोच वळणरस्ता येतो आणि डोकं खिडकीवर आपटतं. मानेचा त्रास असेल त्यांनी मागची बाकं टाळावीत. चिपळूणला गाडी पंधरा मिनिटं थांबली. तिथले पोहे गरम होते, चहा मात्र नुसता गोड. साडेअकराला रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले. जवळच्याच लॉजवर खोली घेतली. हजाराच्या आत, स्वच्छ चादर, गरम पाणी फक्त सकाळी सात ते नऊ. बाईमाणसाने एकटीने राहायला ठीक आहे. कडी तेवढी तपासून घ्यावी. मी घेतली.

परिषदेच्या दारात एका मुलीने माझ्या गळ्यात कार्ड अडकवलं. त्यावर 'उद्योजिका' लिहिलं होतं. मी दुकानदार आहे, असं सांगितल्यावर तिने पेनाने खोडून दुरुस्त करून दिलं. सोबत कापडी पिशवी, वही, पेन आणि निबंधांच्या सारांशांची जाडजूड पुस्तिका मिळाली. परदेशी मंडळी प्रत्यक्षात चार-पाचच होती. बाकीचे आपापल्या घरून पडद्यावर दिसत होते. एकाच्या मागे बर्फ पडत होता.

बी.कॉम. होऊन मला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण इंग्रजी समजतं. एका गृहस्थांनी दुकानातल्या फळ्यांची उंची आणि विक्री यांचा संबंध वीस मिनिटं समजावला. आमच्या सासऱ्यांनी तो मला एका वाक्यात सांगितला होता: खपवायची असेल ती साडी गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेव, मागून घेतील ती कपाटात असली तरी चालते. मात्र सगळंच असं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवरून पैसे देताना दुकानात कसं लाजल्यासारखं होतं, यावर केरळकडची एक बाई फार चांगलं बोलली. तिचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं.

जेवायला पनीर होतं. समुद्र दोन किलोमीटरवर आणि पानात पनीर! असो. ताट मांडीवर घेऊन मी पुस्तिका उघडली आणि माझ्या दुकानाचा सारांश काढला. दुकानाचं नाव नव्हतं, 'लहान शहरातील एक पारंपरिक वस्त्रदुकान' असं होतं. निष्कर्ष असा होता, की लग्नसराईत दुकानातून बाहेर गेलेल्या दर पाच साड्यांपैकी साधारण चार परत येतात. यावरून ग्राहकांची तीव्र नाराजी दिसते, आणि पारंपरिक दुकानदाराला गिऱ्हाइकाची आवड कळेनाशी झाली आहे.

मी ताट बाजूला ठेवलं.

दापोली-खेडकडच्या वाचकांना सांगायची गरज नाही, इतरांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नाची साडी कोणी दुकानात उभ्याने घेत नाही. घरची एक बाई येते, पाच-सहा साड्या काढते आणि पसंतीला म्हणून घरी घेऊन जाते. घरी सासू बघते, नणंदा बघतात, पदर अंगणातल्या उन्हात धरला जातो. मग एक ठेवून बाकीच्या परत येतात. घडी मोडलेली नसते, हळदीचं बोट लागलेलं नसतं. चार परत आल्या म्हणजे एक विकली गेली. चार परत येणं हीच आमची विक्री!

आणि तेजस्विनीने दोन महिने त्या परत येणाऱ्या पिशव्याच मोजल्या होत्या.

हात धुऊन तिला गाठलं. ती पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. तिला एका खांबाआड नेऊन सगळं सांगितलं. तिच्या हातातला जग तिरका झाला आणि पाणी तिच्याच चपलांवर सांडलं.

"काकू, पण त्या बायका पिशवी ठेवून म्हणायच्या, 'ह्या नकोत.' मी स्वतः ऐकलंय."

"ह्या नकोत, पाचवी हवी. ती घरी ठेवून आलेली असते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

तिने जग खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही विचारू दिलं नाहीत, काकू."

खरं होतं. 

तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर आले. तिने त्यांना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "उद्या अकराला तुझं वाचन. पुस्तिका छापून झालीय. हा निबंध जर्नलसाठी निवडलेल्यांत आहे, आणि त्यावर तुझा प्रबंध या वर्षी जमा व्हायचाय. आहे तसं वाच. पुढे बघू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तिथं कोणाला काय कळणारे? एवढं मनावर घेऊ नका."

"मला कळणार आहे," मी म्हटलं. "मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

सर गेल्यावर तेजस्विनी म्हणाली, "तुम्ही उभ्या राहून बोलणार आहात का?"

"ते तू काय वाचतेस त्यावर आहे. माझं दुकान गिऱ्हाइकाला ओळखत नाही, असं परक्या लोकांसमोर म्हटलं गेलं, तर मी गप्प बसणार नाही. आणि चूक कळल्यावरही तू ती वाचलीस, तर ती मग चूक राहत नाही. एवढं सांगते. ठरव तुझं तू."

कठोर बोलले, मान्य आहे. मला दुसरं येत नाही.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. रिक्षाने जाता येतं, मी चालत गेले. परत येताना एका खानावळीत बांगडा थाळी घेतली. मालकीण म्हणाली, "वाईच दम धरा, ताजा तळून देतंय," आणि खरोखरच ताजा तळून दिला. सोलकढी दोनदा वाढली. रत्नागिरीत मोठ्या पाटीच्या हॉटेलांपेक्षा अशा जागा शोधा. ओळख एकच, आत बसलेली माणसं स्थानिक हवीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सत्राला अध्यक्षस्थानी इंग्लंडहून आलेल्या एक प्राध्यापिका होत्या. माझ्याच वयाच्या, पायात साध्या चपला. तेजस्विनी उभी राहिली. डोळे सुजलेले होते. पडद्यावर पहिलं पान आलं आणि तिने इंग्रजीत सांगितलं, "पुस्तिकेत छापलेला माझा निष्कर्ष चुकीचा आहे. मी तो मागे घेते. मी काय पाहिलं आणि ते वाचताना माझी चूक कशी झाली, तेवढंच आज सांगणार आहे."

तिचे सर मागच्या दाराने बाहेर गेले.

मग तिने पसंतीची पद्धत सांगितली. अंगणातलं ऊन सांगितलं, नणंदा सांगितल्या. माझी मनाई मात्र सांगितली नाही. सगळी चूक स्वतःवर घेतली. ते मला बोचलं, पण मी उठले नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "साडी परत आलीच नाही तर?"

तेजस्विनीने माझ्याकडे हात केला. मी उभी राहून माझ्या इंग्रजीत सांगितलं, "येते. पुढच्या लग्नाला त्यांना माझ्याचकडे यायचं असतं." लोक हसले.

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "आणि तुम्ही पसंतीला कोणाला देत नाही?"

"सगळ्यांना देते," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. तेजस्विनीनेही लिहून घेतलं.

निकाल काय लागला तेही सांगते. जर्नलच्या यादीतून निबंध निघाला. सरांनी दोन दिवस तिच्याशी धड बोलणं टाळलं. प्रबंध या वर्षी जमा होणार नाही. अध्यक्षबाईंनी मात्र तिला जवळ बोलावून नव्याने काम करायला सांगितलं आणि स्वतःचा पत्ता दिला. याने तिचं गेलेलं वर्ष भरून येत नाही.

त्याच दुपारी सगळ्यांना बसने मालगुंड-गणपतीपुळ्याला नेलं. आरे-वारेचा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मुद्दाम पाहावा. उजवी-डावीकडे कुठे बसायचं याचा विचार नको. जाताना समुद्र डावीकडे, येताना उजवीकडे, म्हणजे जागा बदलून बसलात की दोन्ही वेळा मिळतो. तेजस्विनी माझ्या शेजारी बसून वारेपर्यंत झोपली. मी उठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी धरली. सावर्ड्याला गर्दी चढली. दोन नेपाळी बायका माझ्या समोरच्या बाकावर बसल्या. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला ही कुटुंबं हंगामात येतात, कित्येक वर्षं येताहेत. एकीने पिशवीतून नवी साडी काढली आणि खिडकीच्या उन्हात धरली. दोघींचे चेहरे उतरले. आपसात त्या काही बोलल्या, ते मला समजलं नाही. मी हिंदीत विचारलं, "क्या हुआ?"

"दुकान की लाइट में लाल दिखा, दीदी. यह तो दूसरा ही रंग है. लड़की की शादी का है."

"तो वापस करके बदल लो. अगला स्टॉप उतरो."

ती हसली. राग नव्हता त्यात. "हमको बदल के नहीं देते, दीदी. घर ले जाने को भी नहीं देते. हम लोग का घर कहाँ है, बोलते हैं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. सावर्ड्याचा तो दुकानदार कोण, मला माहीत नाही. पण ते वाक्य मी ओळखलं. शब्द थोडे वेगळे असतील. "तुम्ही इथंच बघून घ्या, उजेडाला दारात उभ्या राहा," असं मी म्हणते. आवाज चढवत नाही. बागेवरच्या बायका येतात तेव्हा म्हणते, तालुक्याला बदली होऊन आलेल्या नर्सला पहिल्या वर्षी म्हणते, वीटभट्टीवरच्यांना तर नेहमीच. चाळीस वर्षांत एकदाही बागेवरच्या कोणा बाईला पसंतीला साडी दिलेली नाही. आणि भर सभेत, परदेशातल्या विदुषीसमोर, सगळ्यांना देते म्हणून ठोकून दिलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. त्या बायका 'सगळ्यांत' धरायच्या असतात, हे आठवलंच नाही.

खेडच्या पुढे त्या दोघी एका बागेच्या फाट्यावर उतरल्या. साडी घडी करून पिशवीत होती.

घरी पोहोचून आंघोळ केली, पुतण्याकडून दुकानाचं ऐकलं आणि तेजस्विनीला फोन लावला.

"काकू, पोहोचलात?"

"पोहोचले. काल त्या बाईंना मी जे उत्तर दिलं, ते तुझ्या वहीत आहे ना? ते खोटं आहे. खोड."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "मग खरं काय लिहू?"

मी तिला सांगितलं. कोणाला देते, कोणाला नाही, कोणाला किती वर्षांनी द्यायला लागले. ती मधेमधे प्रश्न विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. तासभर गेला. त्यातल्या "पण का, काकू?" या एका प्रश्नाला मात्र मला उत्तर सुचलं नाही. तिने तसंच लिहून घेतलं.

त्या इंग्लंडच्या बाईंना तेजस्विनी कळवेल. त्या सभागृहातली बाकीची माणसं मला पुन्हा भेटायची नाहीत. त्यांच्यापैकी कोणी मराठी वाचत असेल, तर माझी दुरुस्ती इथे आहे. सगळ्यांना देत नाही. बागेवरच्या बायकांना या सोमवारपासून देते आहे. दोन पिशव्या गेल्या आहेत, अजून परत आलेल्या नाहीत. मी रोज दाराकडे बघते आणि बघते आहे याची मला लाज वाटते.