आगेऱ्याला निघालो, जुडी नव्हती

नवीन पनवेलहून उरण गाडीने तासाभरावर. एवढ्याशा रस्त्याचं प्रवासवर्णन लिहावं का, ही शंका रास्त आहे. पण विचुंब्यातला माझा शेजारी पीटर आगेऱ्याला निघाला होता आणि त्या सणाला लागते तेवढी एकच वस्तू त्याच्याकडे नव्हती.

आगेरा हा इथल्या कॅथलिकांचा नव्या भाताचा सण. प्रत्येक घराने पहिल्या लोंब्यांची जुडी चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची. पीटरने शेत विकून फ्लॅट घेतला. उरणला त्याची आई, रोझामावशी, दरसाल जुडी घेऊन रांगेत उभी राहते. यंदा काय घेऊन उभी राहणार?

"देव देईल," पीटर म्हणाला.

"कुठल्या फाट्यावर देणार ते विचारून ठेव. गाडी थांबवायला बरं."

"शास्त्रीबुवा, तुम्ही खिडकीतून बघा फक्त."

मी संस्कृत शिकवतो, त्याची ही शिक्षा.

जाणाऱ्यांनी रविवारी सकाळीच निघावं. नंतर कंटेनरचे ट्रेलर रस्ता आपल्या नावावर करून घेतात. गव्हाणफाट्याला वडापाव स्वस्त आणि गरम, चटणी बेताने घ्यावी. जासईच्या पुढे दोन गोदामांच्या मधे भाताचा एक तुकडा दिसला. बांधावर एक बाई गवत कापत होती. पीटर उतरला.

"मावशी, चार लोंब्या द्याल? देवाला पायजेत."

"पयल्या लोंब्या आमच्या देवाच्या. दसऱ्याला दाराला बांदल्याबिगर नाय देत कुनाला. तुजं शेत नाय?"

"विकलं."

"मंग देवाला फ्लॅट दाव."

पीटरने गाडी थेट उरणला आणली. मला एक समर्पक सुभाषित आठवलं होतं, गिळलं.

रोझामावशी लुगडं नेसून तयार. "आय, यंदा..." पीटरने सुरुवात केली. तिने त्याला हाताला धरून परसात नेलं. विहिरीजवळ एक चीर गेलेली निळी बादली, आणि तिच्यात पिकून वाकलेलं भात.

"देवावर भरोसा ठेव सांगतस ना? माजा हाय. तुज्यावर नवता."

"म्हणजे देवानंच दिलं की, आय!"

"देवानं दिलं. पानी मी घातलं. घे कोयता, काप आता."

चर्चमध्ये इतरांच्या जुड्या चांगल्या भरघोस होत्या; मावशीची मुठीत मावणारी. फादरांनी सगळ्यांवर सारखंच पाणी शिंपडलं. मावशी मात्र दहा एकरांच्या मालकिणीसारखी ताठ उभी होती. जेवायला कोळंबीची आमटी होती. तिच्याबद्दल लिहायला माझं संस्कृत अपुरं आहे. निघताना मावशीने त्या जुडीतले चार दाणे कागदात बांधून दिले. "तांदळाच्या डब्यात टाक. डबा रिता होत नाय."

टाकले. दैव मोठं की प्रयत्न, हा वाद आमच्या शास्त्रांत फार जुना आहे; बायकोला त्यात रस नव्हता. "डबा तळाला गेलाय," ती म्हणाली आणि हातात पिशवी दिली.

जिन्यात पीटर भेटला. हातात नवी बादली.

"अरे, पावसाला अजून आठ महिने आहेत."

"देव देईल पाऊस," तो म्हणाला. मग जरा थांबला. "माती तेवढी आत्ताच आणून ठेवतो."