तू घेतलंस कुठं?

ओल्या मोज्यांचा वास आला की मला बंगळुरूच्या इंदिरानगरमधली ती गारढोण कॉम्प्युटरची खोली आठवते, जिथं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही बूट बाहेर काढून जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसायचो. त्या दिवशी परीक्षा होती. पास झालो तर नोकरी पक्की, नाहीतर गावी परत. पहिलाच प्रश्न होता, बारीक इंग्रजी अक्षरांतलं नाव मोठ्या, कॅपिटल अक्षरांत छापा. मी हुकूम लिहिला, प्रोग्राम चालवला, तर नाव बारीकच! पुन्हा लिहिला, पुन्हा बारीकच, आणि चूकही दाखवेना मेलं. प्रत्येकाला एक शंका विचारायची मुभा होती. पण आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला, मी कशाला विचारतोय! तासभर तीच ओळ खोडत बसलो आणि वेळ संपली. शिकवणाऱ्या बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलताना मधेच कानडी शब्द यायचा, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्या माझ्यामागं येऊन थांबल्या. "हे ऐकतच नाही, अक्का," मी चिडून म्हणालो. "ऐकलंय की रे! स्वल्प, जरा नीट बघ. जावात एकदा लिहिलेलं नाव बदलत नाही. त्यानं मोठ्या अक्षरांतलं दुसरं नाव करून तुझ्यापुढं धरलंय, तू घेतलंस कुठं? आणि शंका का नाही विचारलीस?" मी बूट घातले आणि गावी परतलो. महिन्याभरानं येऊन पुन्हा परीक्षा दिली आणि पास झालो. परवा मारतहळ्ळीत एक पत्ता शोधत तीन चकरा मारल्या. "विचारा की कुणाला तरी," बायको वैतागली. मी गाडीची काच खाली केली नाही.