आबांच्या मापाची शवदाहिनी

आबा शवदाहिनीवर आडवे झाले, पाय ताणले आणि म्हणाले, "इंजिनेर साहेब, मना पाय बाहेर ऱ्हातस."

आबा ठणठणीत होते. भडगावजवळच्या त्या गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि आमच्या ऑफिसने बसवलेली नवी वस्तू ते तपासत होते. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट.

शवदाहिनी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. जमिनीपासून उचललेली लोखंडी जाळी, बाजूंना कठडे. खालून हवा लागते, लाकडं पसरत नाहीत, म्हणून कमी लागतात. गिरणेकाठी निंबाची एकच रांग उरली होती आणि दर मयताला त्यातलं एक झाड जायचं. ती रांग मला वाचवायची होती. पण आबा हो म्हणाल्याशिवाय गाव काही ऐकणार नव्हतं.

जळगावला साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, ड्रॉइंग स्टँडर्ड आहे.

"म्हाताऱ्याचे पाय दुमडता येणार नाहीत का?"

"येतील साहेब. तेव्हा ते हरकत घेणार नाहीत. आत्ता घेताहेत."

साहेबांनी ड्रॉइंग पुढे ओढलं आणि जाळी फूटभर वाढवायला मंजुरी दिली.

आबा पुन्हा झोपले. कुशीवर वळूनही पाहिलं. ते कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या घरच्या आक्का जेवायला बोलवायला आल्या, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "बेस शे. पन पहिला मान मना."

झालं. त्यांचे चुलतभाऊ नाना भडकले. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, यावरून दोघांचं बोलणं आधीच बंद होतं. पहिला मान आमच्या घराचा, असं नानांनी मला बजावलं. मी सरकारी नोकर, कोणाला आधी मरायला सांगणार? मानाचा निकाल लागेपर्यंत बाकीची मयतं जुन्याच जागी जळू लागली. डोळ्यांदेखत आणखी निंब पडले. दोघांची तब्येत उत्तम होती, आणि मला त्याचा राग यायचा. नंतर स्वतःचीच लाज वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. मी धावत पोचलो. पाय बरोबर आत बसले होते. नानांनी स्वतः लाकडं रचली, थोडीच लागली. मग कठड्याला धरून ते लहान पोरासारखे रडले. "आबा, तूच पुढे निंघी ग्या," एवढंच म्हणाले. मलाही रडू आवरलं नाही.

त्यानंतर गाव तिथेच जाऊ लागलं. उरलेले निंब अजून उभे आहेत.

वापरणाऱ्याला विचारून डिझाइन करावं, असं कॉलेजात शिकवतात. आमच्या कामात त्याला जरा लवकर गाठावं लागतं.