मी भरलेला रकाना

आमच्या संस्थेत पगार हा शब्द कुणी उच्चारत नसे. शहागंजात एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, तिथं आमचं ऑफिस. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे एकमेकांना भाऊ नाहीतर ताई म्हणत आणि महिन्याला हातात जे पडे त्याला म्हणत मानधन. एकदा नव्यानं आलेल्या हिशेबनिसानं कागदावर ‘पगारपत्रक’ असं लिहिलं, तर आमच्या सचिवांनी तो कागद परत टाइप करायला लावला. “पगार नोकराला असतो, कार्यकर्त्याला मानधन,” ते म्हणाले. मला ते अगदी पटलं. पटायला माझं काय जात होतं? नवरा बँकेत, घर स्वतःचं, सासूबाईंना पेन्शन. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर आधी घरी खायला असावं लागतं, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

माझं पद व्यवस्थापकाचं. चितेगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही पाळणाघरं चालवत होतो. मी क्रांती चौकातून जी मिळेल ती बस किंवा जीप धरून आठवड्यातून तीनदा तिकडं जायची, वह्या तपासायची, मुलं सांभाळणाऱ्या आयांच्या बैठका घ्यायची आणि परत येऊन अहवाल लिहायची. पाळणाघरं खरी चालवायची ती तिथली सुपरवायझर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तिथल्याच एका शेतकरी घरातली सून, बारावी झालेली. नवऱ्याचा हात कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सापडला तेव्हापासून घर तिच्यावर होतं. पाळणाघरातून घरी गेल्यावर ती शिवणाच्या मशीनवर बसायची, ब्लाऊज नि परकर शिवायची. मी तिला अगं-तुगं करायची. ती मला ताई म्हणायची आणि अहो-जाहो करायची.

एकदा एका कारखान्यानं न कळवता पाळी बदलली आणि बायकांना सकाळी सहालाच आत घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दारात पोरं घेऊन बायका उभ्या. हिनं मला विचारायची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला कुलूप उघडलं, दोन आयांच्या वेळा बदलल्या, दूधवाल्याला लवकर यायला लावलं. मला कळलं चौथ्या दिवशी. अहवालात ते ‘व्यवस्थापकांनी तातडीने पुढाकार घेऊन’ असं गेलं. लिहिलं मीच होतं.

आमच्या क्षेत्रात कुणाला किती मिळतं हे विचारायची पद्धत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण एकदा पुण्याला प्रशिक्षण होतं आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही पाच व्यवस्थापक बसलो होतो. श्रीखंड बरं असावं, मुठी उघडल्या. काम पाचही जणांचं सारखं: माणसं सांभाळा, अहवाल पाठवा, निधी देणाऱ्यांना गाव दाखवा. पैसे मात्र पाच तऱ्हेचे. सरकारी योजनेतल्या बाईंना कमी मिळे आणि तेही तीन-तीन महिने थांबून. कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पातल्या गृहस्थांना माझ्या तिप्पट, शिवाय गाडी. एकाला परदेशातून निधी यायचा, तो संपला की त्याचं पदच संपायचं. पुण्याच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे घरभाडंच इतकं की कमी देऊन माणूस टिकत नाही. माझा आकडा ऐकून पुण्याच्या बाईंनी माझ्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, या सगळ्यांत खरी सेवा करणारी मीच.

हाच अहंकार मला पुढे नडला. म्हणजे मला नाही नडला, दुसरीला नडला.

झालं असं की पाळणाघरांना नवा निधी मिळायचा होता. देणाऱ्या संस्थेनं एक अंदाजपत्रक पाठवलं. त्यात प्रत्येक पदापुढे एक रकाना, दरमहा अपेक्षित रक्कम लिहायला. व्यवस्थापकासाठी वीस हजारांपर्यंत मागायला मुभा होती, तसं खाली छापलेलंच होतं. सचिव म्हणाले, “ताई, तुमचा रकाना तुम्हीच भरा.” मी नऊ हजार लिहिले. तोवर मला जवळपास तेवढेच मिळत होते आणि जास्त मागायची मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, लाजेबरोबर थोडा तोराही होता.

सोमवारच्या बैठकीत सचिवांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. “वीस मागता येत असताना नऊ मागणारी माणसं आहेत म्हणून ही संस्था उभी आहे,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सुपरवायझर नेमकी तेव्हाच येऊन मागच्या सतरंजीवर टेकली होती, कशाच्या ते न कळताच तीही टाळ्या वाजवत होती.

कागद तपासायला निधी देणाऱ्यांकडून एक तरुण मुलगी आली होती. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, “नक्की ना मॅडम?” मी म्हटलं, “मला पुरतात.” ती म्हणाली, “तुम्हाला पुरतील, पण ही रक्कम तुमची नाही, पदाची आहे.” मी नुसती हसले. वाटलं, नवीन आहे, शिकेल.

दोन वर्षांनी सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मला काम सोडणं भाग पडलं. सचिवांनी माझी जागा सुपरवायझरला द्यायची ठरवली, तिथं दुसरं कुणी बसूच शकत नव्हतं. मला फार आनंद झाला. मी पेढे घेऊन चितेगावला गेले. तिनं पेढा घेतला, हातातच ठेवला.

“ताई, एक इचारू? राग नका धरू. हे नऊ हजार कुणी ठरवले?”

मी म्हटलं, “का गं?”

“मला आत्ता साडेपाच मिळतेत, वर शिवणाचे चार तरी सुटतेत. मॅनेजर झाल्यावर रोज शहागंजाला जाणं आलं, मीटिंगा आल्या. मशीन बंदच करावी लागंल. मंग माझ्या हातात काय वाढलं? उलटं गाडीभाडं गेलं. लोकं म्हणतेत, वरून यवढेच येतेत. खरंय का?”

खोटं बोलता आलं असतं. वरूनच येतात, असं म्हणून मी सुटले असते. पण पेढ्यांचा पुडा मांडीवर होता आणि समोर ती होती. मी सांगितलं की वीसपर्यंत मागता येत होते, नऊ मी लिहिले.

कोपऱ्यात एक लेकरू झोळीत कुरकुरत होतं, तिनं बसल्या जागेवरून झोळीची दोरी ओढली.

“तुमचं पोट भरल्यालं होतं ताई,” ती म्हणाली. “पर माझं ताट बी तुम्हीच वाढलं.”

तिनं हे रागानं म्हटलं नाही, म्हणूनच ते मला इतकं लागलं. मी तशीच शहागंजात गेले आणि सचिवांना म्हटलं, या पदाचे पैसे वाढवून मागू. ते चष्मा पुसत म्हणाले, “ताई, तुम्ही नऊमध्ये केलंत ना? मग तिला का नाही जमणार?” माझ्याच टाळ्या माझ्या कानाखाली वाजल्या. मग मी घरी बसून निधी देणाऱ्यांना पत्र लिहिलं. तो आकडा पदाच्या कामावरून नाही, माझ्या सोयीवरून लिहिला होता, चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. सचिवांना ते आवडलं नाही. पत्र त्यांनी अडवलं मात्र नाही, हेही सांगायला हवं.

तिनं पद घेतलं. मशीनवर चादर टाकली आणि नऊ हजारांवर आठ महिने काम केलं. माझ्याहून चांगलं केलं. अहवाल ती मोडक्यातोडक्या भाषेत लिहायची, पण त्यात खरं असायचं.

मग उत्तर आलं, सचिवांनी मला फोन करून सांगितलं. पुढच्या टप्प्यापासून व्यवस्थापकाला दरमहा अठरा हजार मंजूर. मी फोनवरच रडले. पत्राचं दुसरं पान सचिवांनी मला नंतर वाचून दाखवलं. पदाची रक्कम वाढल्यामुळे त्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आवश्यक राहील. तिची बारावी. सचिवांनी आणि मी लिहून पाहिलं, अनुभव धरा म्हटलं. नियम म्हणजे नियम, असं उत्तर आलं. एक पदवीधर मुलगा नेमला गेला. चांगला होता बिचारा, काम समजून घ्यायला रोज तिच्याकडेच यायचा. ती पुन्हा सुपरवायझर झाली आणि त्याला सगळं शिकवलं, कुठल्या कारखान्याची पाळी कधी बदलते इथपासून.

मी तिला भेटायला गेले, तोंड कसं दाखवावं हे न कळून. तिनं चहा ठेवला.

“मी नऊ हजाराला चालत होते ताई,” ती म्हणाली, “अठरा हजाराला नाय.”

आणि हसली. मला नाही हसता आलं. मला तिचं वाईट वाटत होतं, स्वतःची चीड येत होती, आणि चहा गोड लागत होता याचीही लाज वाटत होती.

त्यानंतर वर्षभरानं एका कंपनीनं चितेगावात स्वतःचं पाळणाघर काढायचं ठरवलं. त्यांना चालवणारं माणूस हवं होतं, पदवीची अट नव्हती. तिनं मला अर्ज भरायला बोलावलं, कारण अर्ज इंग्रजीत होता आणि माझं अक्षर चांगलं. पाळणाघराच्या ओट्यावर आम्ही बसलो. नाव, पत्ता, किती वर्षांचा अनुभव, मी भरत गेले. तिनं साडेपाचला कुलूप उघडल्याची गोष्ट मी या वेळी तिच्या नावावर लिहिली. मग शेवटचा रकाना आला, अपेक्षित पगार. या कागदावर मानधन नव्हतं, चक्क पगार होता.

“अठरा लिवा,” ती म्हणाली.

माझं पेन थांबलं. आणि सगळं झाल्यावर, सगळं कळल्यावरही माझ्या तोंडून निघून गेलं, “जरा जास्त नाही का होत गं?”

मग तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तो आकडा स्वतः लिहिला.