त्या बाकावरून आण्णांना उठवलं

"ऊठ रं. हा बाक सैनिकांचा हाय."

सुभेदार माझ्या बापाला हे म्हणाले तेव्हा झेंडा अजून वर गेला नव्हता. पंधरा ऑगस्ट. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, शाळेचं पटांगण. घरटी एक माणूस पलटणीत, म्हणून माजी सैनिकांचा बाक झेंड्याच्या अगदी समोर. आण्णा इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या टोकाला नुसते टेकले होते.

"आवं सुभेदार, मीबी आफ्रिकेत लढलोय."

"लढलास व्हय? मग जर्मनाची वर्दी कुणी घातली? तुझ्या बानं?"

सगळा बाक हसला. आण्णा उठले. आम्हा पोरांच्या रांगेत येऊन माझ्यामागे उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी कुजबुजलं, "जर्मन आला रं!"

मी खांदा झटकला. चौथीत होतो. वय सांगून सुटता येत नाही.

महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात आण्णांची पलटण जर्मनांच्या हाती लागली होती. जर्मनांनी इंग्रजांविरुद्ध लढायला हिंदी कैद्यांची एक फौज काढली. जो जाईल त्याला पोटभर जेवण. सुभेदारही त्याच छावणीत कैदी होते, पण हुद्देदारांच्या बराकीत. तिथं खाण्याची पार्सलं पोचत. आण्णांच्या बराकीत बटाट्याच्या साली उकडून खात. शेवटी आण्णांनी ती वर्दी घातली. समुद्रकाठी पहारा दिला, गोळी एकही झाडली नाही. लढाई संपल्यावर इंग्रजांनी धरून आणलं, पदकं काढून घेतली, पेन्शनशिवाय घरी पाठवलं.

यावर ते माझ्याशी एकदाच बोलले. उसाला पाण्याची दारं धरताना.

"तारंपल्याड आयरिश कैदी व्हते. गोरेच, आमच्यासारखे इंग्रजाच्या फौजेतले. त्यांनाबी जर्मन सांगायचा, इंग्रज तुमचाबी वैरी हाय. त्यातला एकजण रोज तारंपाशी यायचा. माझी भाषा त्याला न्हाई, त्याची मला न्हाई. दोघंबी भटारखान्याकडं बघत उभं ऱ्हायचो. माझ्या आधी त्यो गेला जर्मनाच्या फौजेत."

फावडं बांधाला टेकवलं. मग म्हणाले, "त्याच्या गावात त्याला कुठं बसवत असतील रं?"

मी भरतीला निघालो होतो. पुढच्या सरीकडे वळलो.

हवालदार होऊन परतलो आणि त्याच बाकावर बसलो. छातीवर पदकं. दरवर्षी सुभेदार सरकून मला जागा देत, आणि मला ते बरं वाटे. आण्णा पोरांच्या रांगेमागे उभे. "आण्णा, इकडं या" एवढं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. ते वारले खाटेवर. मला अजून उभेच दिसतात.

यंदा गावातली पोरं घरी आली. पुढे सुभेदारांचा नातू.

"आबा, तुमच्या वडलांच्या नावानं कमान उभारतोय. इंग्रजांवर गोळ्या झाडणारा वीर!"

मी सगळं सांगितलं. सालींसकट. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नातू हसला.

"आबा, साली कशाला काढताय आता? बरं दिसत न्हाई. आमी लिवतो ते लय भारी हाय की."

बरं दिसत नाही. आजोबानं गद्दार म्हणून उठवलं, नातू वीर म्हणून उठवत होता. माझ्या उपाशी बापाला अजूनही कुठं टेकायला जागा नव्हती.

पंधरा ऑगस्टला मी बाकावरून उठलो आणि माइक हातात घेतला.

"माझा बाप गद्दार नव्हता आन् वीरबी नव्हता. उपाशी व्हता. या बाकावरनं तुमी त्याला उठवलं. त्याच्या जागी मी बसलो."

नातू हळूच म्हणाला, "आबा, बसा आता."

"न्हाई."

पोरांच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो.

पोरांना सांगून ठेवलंय, कमानीवर नाव घालायचं तर भुकेसकट घाला. नाहीतर ती कमान मी उभी राहू देणार नाही. जिवंत आहे तोवर झेंडा इथूनच बघेन. उभ्यानं.