सत्यभामाबाईंची अर्धी भाकर

परातीत भाकर अर्धी थापून झाली होती, तवा धूर सोडायला लागला होता, आणि तेवढ्यात दारासमोर जीप येऊन उभी राहिली. साधनाचा हात पिठावर होता तसाच राहिला. शिरड शहापूरच्या त्या बोळात जीप यायची ती मतं मागायला, नाहीतर कुणाला धरून न्यायला. मतांचे दिवस तर नव्हते.

जीपमधून एक डॉक्टरीणबाई उतरली. खांद्याला पिशवी, हातात बर्फाची पेटी. आईस्क्रीमवाल्याकडे असते तशी, पण पांढरी शुभ्र.

"सत्यभामाबाई इथंच राहतात ना? नव्वदीच्या पुढच्या?"

साधनानं हात पदराला न पुसताच विचारलं, "काहून? काय काम हाय त्यांच्याशी?"

"आम्ही पुण्याहून आलोय, ताई. माणूस म्हातारा कसा होतो, आणि काही माणसं एवढी कशी जगतात, याचा अभ्यास चाललाय. गावोगाव नव्वदीपुढची माणसं शोधतो, चार गोष्टी विचारतो, थोडं रक्त घेतो. संपतरावांना काल दवाखान्यात विचारलं होतं. ते 'या' म्हणाले."

संपतराव म्हणजे साधनाचा नवरा. तो सकाळीच मेंढरं घेऊन रानात गेला होता, आणि जाताना याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. साधनाच्या मनात पाल चुकचुकली. पण डॉक्टरीणबाईच्या सवालानं तिला जागीच धरून ठेवलं. काही माणसं एवढी कशी जगतात? हाच सवाल तर ती आठ वर्षं छातीवर दगडासारखा घेऊन हिंडत होती. फक्त तिच्याकडे त्याचं उत्तरही तयार होतं.

आठ वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, सत्यभामाबाई मरणाला टेकल्या होत्या. बाजेवरून खाली घेतलं, तोंडात गंगाजळ घातलं, पाहुण्यांना निरोप गेले. घरदार म्हातारीभोवती बसलेलं असताना साधनाचा अंगद, नऊ वर्षांचं पोरगं, कोकरांसाठी कडब्याची पेंढी काढायला गंजीकडे गेला आणि तिथल्या सापाचं त्याला पान लागलं. नागनाथाचं नाव घेत बाप त्याला खांद्यावर टाकून धावला, पण औंढ्याच्या वाटेवरच लेकराची मान पडली. आणि इकडे म्हातारी डोळे उघडून उठून बसली. पेज मागितली.

शेजारची भागूबाई रडता रडताच बोलून गेली होती, "अगं बाई, म्हातारीनं नातवाचं आयुष्य घेतलं की गं!"

बोलणारी बोलून गेली. साधनाच्या मनात मात्र ते बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं.

पुढच्या वर्षी दिपाली झाली. पोरगी रांगायला लागली तशी साधनानं घरात रेघच ओढली. आजीच्या मांडीवर बसायचं नाही, आजीशेजारी निजायचं नाही, आजीच्या हातचं तर मुळीच खायचं नाही. सासूला उपाशी ठेवलं, टाकून बोलली, असं कुणी म्हणू शकलं नसतं. सोमवारचा उपास, तुळशीला पाणी, सासूला वेळेवर ताट, सगळं बराबर. पण ताट ठेवताना तिची नजर म्हातारीच्या हातावर असायची.

त्या हाताचं एक गौडबंगाल होतं. पोरगी भाकर चावायला लागली त्या सुमारापासून म्हातारी ताटातली भाकर मोडायची, अर्धी दुधात कुस्करून खायची आणि अर्धी पदरात गुंडाळून काठी टेकत मेंढरांच्या वाड्यामागं जायची. एकदा साधना मागोमाग गेली होती. म्हातारी माघारी वळली होती, आणि काळी मेंढी तोंड हलवत उभी होती. मेंढी तोंड हलवणार नाही तर काय करणार! पण त्याच आठवड्यात त्या काळीचं कोकरू मेलं, आणि साधनाचा हिशोब पक्का झाला. सटवाई पाचवीला प्रत्येकाच्या नावावर दाणे लिहिते. दाणे सरले की माणूस सरला. म्हातारी अर्धंच खाते म्हणजे आपले दाणे पुरवून पुरवून वापरते. आणि उरलेल्या अर्ध्यानं काहीतरी करणी करते.

"बसा," साधना डॉक्टरीणबाईला म्हणाली. "पर मी इथंच उभी ऱ्हाणार."

ओसरीवर ऊन खात बसलेल्या सत्यभामाबाईंनी हात कपाळाला लावून पाहुणीकडे पाहिलं. अंगावर विटकं हिरवं लुगडं, दंडावर गोंदण, तोंडात एक दात. तोही हलणारा.

"आजी, वय किती तुमचं?"

"ते कोणाला ठावं बाई? मानमोडीची साथ आली तवा म्या करडं राखायची. माझा बाप त्याच साथीत गेला. तूच काढ आता."

डॉक्टरीणबाईनं एकोणीसशे अठरापासून मनाशी आकडेमोड केली आणि तिचे डोळे चमकले. साधनाला ते चमकणं आवडलं नाही. मेंढरांचा व्यापारी कळपात शिरला की त्याचे डोळे असेच चमकतात.

मग म्हातारी सुटली. लगीन झालं तेव्हा नवरा तिच्याहून उंचीला कमी होता. लोकर कातून कातून अंगठ्याला घट्टा पडलेला, तो तिनं दाखवला. रझाकाराच्या धामधुमीत पोटुशी असताना कळप घेऊन डोंगरात राहिली, तिथंच बाळंत झाली, आणि नाळ मेंढरं कातरायच्या कातरीनं कापली. लेकरं सहा झाली, राहिला एकटा संपत. सगळं ती असं सांगत होती जसं कुणी कालच्या बाजाराचं सांगावं.

कुडावरून भागूबाईचं डोकं वर आलं. "साधने, रगत देऊ नगं बरं का! शहरात श्रीमंत म्हातारे असत्यात, त्यास्नी चढवत्यात. मंग ते जगत्यात अन् आपलं माणूस वाळत जातं."

डॉक्टरीणबाई हसली. तिनं पिशवीतून बोटाएवढी काचेची नळी काढून दाखवली. "मावशी, एवढ्या रक्तावर कोणता श्रीमंत जगेल हो?"

"काय सांगावं," भागूबाई म्हणाली. "गावोगावचं गोळा केलं तर हंडा भरंल."

साधनाला हसू आलं नाही. हंडा तिला खरोखरच दिसायला लागला होता.

"जेवण किती, आजी?"

"अर्धी भाकर सकाळी, अर्धी रातच्याला."

"भूक लागत नाही?"

"लागती की. न लागायला काय झालं? पर म्या पोटभर खात न्हाई."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली. "हे बघा, गंमत आहे. परदेशात उंदरांवर असाच प्रयोग केलाय. काहींना पोटभर दिलं, काहींना बेतानं. बेतानं खाणारे जास्त जगले. शरीराला कमी मिळालं की ते झीज भरून काढायच्या मागं लागतं, असं काहीसं दिसतंय. तुमचं बघून मला तेच आठवलं."

साधनाच्या अंगावर काटा आला. हेच! हेच ती म्हणत होती. आता पुण्याची डॉक्टरीणही तेच म्हणून राहिली.

पण सत्यभामाबाईंच्या हातातली काठी खाली पडली. "जास्ती जगले? कमी न्हाई?"

"उंदरांचं म्हणतेय मी. माणसाचं अजून कुणीही ठामपणानं सांगू शकत नाही. आणि तुम्ही या वयात उपाशी राहू नका, अंगातली ताकद जाईल."

"मंग म्या इतकी वर्सं केलं काय!" म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई, म्या मरावं म्हणून अर्धी सोडली, अन् तू म्हणतीस त्यानंच जगून राहिले?"

"काय बोलता आत्याबाई?" साधना पुढे झाली. "मरावं म्हणून?"

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत राहिली. "माझे दाणे त्याच दिशी सरले व्हते. गंगाजळ पडलं व्हतं तोंडात. म्या उठले अन् पोरगं गेलं. भागी बोलली ते म्याबी ऐकलं. काय खोटं बोलली ती? मंग ही पोरगी झाली. म्हणलं, आता आपले दाणे हिच्या नावानं करावं. आपल्या ताटातलं अर्धं रोज हिच्या पोटात घालावं. माझं लवकर सरल, हिचं वाढल."

"कुणाच्या पोटात?" साधनाचा आवाज चढला. "माझ्या पोरीच्या?"

कुडावरचं डोकं खाली गेलं.

साधनाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे हे सगळं जीपवाल्या बाईपुढं केलेलं सोंग आहे. दुसरी म्हणजे म्हातारी खरंच बोलतेय; ती तिला नको होती, म्हणून ती पहिलीलाच धरून बसली. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीत दिपाली दप्तर उडवत आली आणि परकी माणसं बघून दारातच थांबली. साधनानं तिचा दंड धरला.

"खरं सांग. आजीच्या हातचं खाती का तू?"

पोरीनं आजीकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "रोज. साळंत जायच्या आधी, वाड्यामागं. आजी म्हणती, आईला सांगू नगं, तिला तरास होतो. मी थोडी काळीला पण देते."

काळीला पण देते. म्हणून काळी तोंड हलवत होती. साधनाचा हात पोरीच्या दंडावरून सैल पडला. अंगठेबहाद्दर नव्हती ती, सातवी शिकली होती. तरी एवढी वर्षं मेंढीच्या रवंथावर म्हातारीला फासावर चढवलं होतं तिनं. आणि ज्या हातापासून पोरीला वाचवायचं, तो हात रोज पोरीच्या तोंडाशीच होता. पोरीला मात्र साधं पडसं सोडलं तर काही झालं नव्हतं.

"बाई," तिनं डॉक्टरीणबाईला विचारलं, "एकाचं आयुष्य दुसऱ्याला लागतं का? घेता येतं का?"

डॉक्टरीणबाईनं हसण्यावारी नेलं नाही. "घेता येत नाही, ताई. जास्त जगण्याचा थोडा गुण घराण्यात उतरतो, तोही थोडाच. बाकी खाणं, आजार, नशीब. तुमच्या मुलाचं काय झालं?"

"पान लागलं."

"सापाला कुणाचं वय माहीत असतं?"

साधनाला ते पटलं, असं नाही. पण आठ वर्षांत कुणी तिला हे सरळ विचारलं नव्हतं.

म्हातारीनं दंड पुढे केला. सुई गेली तेव्हा ती नळीकडे टक लावून बघत राहिली. "अजून लालच हाय की गं," म्हणाली. डॉक्टरीणबाईनं दिपालीचंही थोडं मागितलं, नात म्हणून.

"पोरीचं न्हाई," साधना म्हणाली. "तुमी चांगल्या असाल. पर पोरीचं न्हाई."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि पेटी बंद केली.

जीप गेली. चुलीतला जाळ बसला होता, परातीतली अर्धी भाकर कडेनं वाळून तडकली होती. साधनानं पाण्याचा हात लावून तोच गोळा पुन्हा मळला. ओसरीवरून म्हातारीचा हुकूम आला, "साधना, आजपासनं मला पुरी भाकर वाढ. अर्धी नगं."

आणि इथंच साधना अडली. पुरी वाढावी, तर म्हातारी मरायच्या घाईनं खाणार. अर्धी वाढावी, तर डॉक्टरीणबाईचे उंदीर आठवणार. जे हात इतकी वर्षं म्हातारी जावी म्हणून मनातल्या मनात जोडले, त्याच हातांनी आता काय वाढायचं? देवा नागनाथा, भाकरीचाही असा पेच कुणावर टाकू नकोस.

शेवटी तिनं दोन अख्ख्या भाकरी भाजल्या, एकाच ताटात ठेवल्या, वर दूध ओतलं आणि ताट म्हातारीपुढं नेलं.

"दिपे, बस आजीपाशी. दोघी मिळून खा. कोणी किती खाल्लं ते देव बघंल."

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "पोरीला काय झालं तर मला बोलशील."

"बोलीनच," साधना म्हणाली. "बोलाया तुमी ऱ्हायला पायजे ना पर."

पोरगी मांडी घालून बसली आणि उघड्यावर, आईसमोर, आजीच्या हातचा घास तिनं तोंडात घेतला. साधना चुलीशी वळली, पुन्हा मागं बघितलं, पुन्हा वळली. संशय असा एका ताटात मोडून संपत नाही. पण ताट तिनं ओढून घेतलं नाही.

पिठाचा डबा उपडा केला तर मूठभरच निघालं. आता घरात भाकर जास्त लागणार होती. तिनं कणगीतली ज्वारी पाटीत भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि वीज जायच्या आत दळून आणावं म्हणून गिरणीवर निघाली.