उपाशी वाकळ

हितं मोबाईलवर लोकं भुताखेतांचं काय काय लिवत्यात ते माझी सून मला वाचून दावती. मी दरवेळी म्हणायचो, ही समदी रिकामटेकडी हायती. म्या लय जणांना खांदा दिला, लय जणांवर माती टाकली, त्यातलं एकबी माघारी आलं न्हाई. आजबी माझं म्हणणं तेच हाय. फकस्त एका दुपारचं मला काय कळंना झालंय, म्हणून लिवतोय. चौथी शिकलेला माणूस हाय, शुद्धलेखन बघू नका. मी वहीत लिवलं, सुनंनं हितं टाकलं. तिला सांगून ठेवलंय — माझा एक शब्द बदलायचा न्हाई.

आमी रहिमतपूरचं. जातीनं पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हा बापजाद्यापासनं धंदा. पेठंत दुकान, दुकानात पिंजायची मशीन. त्या मशीननं माझ्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली, त्याला लय वर्सं झाली. ही बोटाची गोष्ट ध्यानात ठेवा, फुडं लागणार हाय. दुकानाच्या पाठीमागं एक खोली, दहा बाय आठ. कापूस ठेवायची, म्हणून खिडकी न्हाई. एकच दार.

घरात मी, माझी बायको जैबुन, ल्योक सलीम आन सून तबस्सुम. घरात आमची बोली जरा येगळी, हितं मराठीत सांगतो. सून सांगलीची, कॉलेज शिकलेली. फोमच्या गाद्या आल्यापासनं गिऱ्हाईक आटलं. सलीम म्हणाय लागला, दुकान मोडू, मी शिरवळला कंपनीत जातो. तवा सून एक दिवस म्हणली, "अब्बा, आपण पॉडकास्ट काढू."

म्हणलं, "ते काय असतंय?"

"रेडिओच की. फकस्त ऐकणाऱ्याला पायजे तवा लावता येतो, पायजे तवा बंद करता येतो."

मी म्हणलं, "मग ह्या तुझ्या सासूला बसीव त्यात. हिला बंद करायचं बटण मला लगीन झाल्यापासनं गावलं न्हाई."

जैबुन चुलीपुढनं बोलली, "बटण न्हाई गावलं. तोंड दाबायला हात बरा गावला!"

समदी हसली. मीबी हसलो.

सुनंनं नीट समजून सांगितलं. गादी घ्या म्हणून बोंबलत बसायचं न्हाई. ज्याच्यासंगं धंदा जुळवायचाय, त्यालाच पाव्हणा म्हणून बोलवायचं. कुणी लॉजवाला, कुणी हॉस्टेलवाला, वाईकडं पर्यटकांच्या खोल्या चालवणारं कुणी. त्याला त्याचं सांगू द्यायचं, आपण आपलं सांगायचं. वळख वाढती, मग काम मिळतं. मी म्हणलं, म्हंजी सोयरीक जुळवायला पव्हं खायला बोलवत्यात तसंच की! ती म्हणली, अगदी तसंच अब्बा.

पाठीमागची खोली रिकामी केली. टेबल, दोन खुर्च्या, माईक, कानावर घालायचं डबं, आन एक बारकं यंत्र — लाल बटण दाबलं की लाल दिवा लागतो आन बोललेलं आत साठतं. पर आवाज घुमायचा. सून म्हणली भिताडं जाड करायची. गाद्यांचं दुकान, आमाला काय तोटा? चारी भिताडांना गाद्या उभ्या केल्या, त्यावर जैबुननं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा, म्हंजी गोधड्या, खिळ्यानं ठोकल्या. तिच्या हातचं टाकं म्हंजी तांदळाच्या दाण्यायेवढं, एका मापात. खोली अशी झाली की आत बोंब मारली तरी भाईर मशीनवर बसलेल्याला ऐकू जात न्हवतं.

एक वाकळ मातूर तिनं दिली न्हाई. ती अजून शिवत हुती. तीन कोपरं झालं हुतं, चवथा उघडा. आमच्यात रीत हाय — शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात भाकरीचा घास ठेवायचा, मग टाका घालायचा. वाकळंचं पोट भरलं पायजे. तवर ती अंथरायची न्हाई, पांघरायची न्हाई, कुठं टांगायची न्हाई. जैबुन म्हणायची, "उपाशी वाकळ माणसाला सोडत न्हाई." मी म्हणायचो, बायकांची खुळं.

पयल्या दिवशी सुनंनं सासूला माईकपुढं बसवलं. "अम्मी, वाकळ कशी करत्यात सांगा." जैबुननं पदर सारखा केला, घसा खाकरला आन बोलाय लागली. तिची आई, आईचं लुगडं, त्यातनं पयली वाकळ... मी दारात उभा. दोन मिंटं ऐकलं आन माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, "ए, ऊठ. हितं धंद्याचं बोलायचंय, तुझ्या आईचं लुगडं कोण इकत घेतंय? मी बोलतो."

ती उठली. म्हणली, "बरं. तुमीच बोला."

सुनंला मी म्हणलं, ते तिचं पुसून टाक, माझं घे.  तिनं पुसलं.

त्याला सव्वा महिना झाला आन जैबुन गेली. सकाळी चुलीपुढं बसली ती उठलीच न्हाई. साताऱ्याला नेत हुतो, वाटंतच...

आता ऐका माझं दुखणं काय हाय. तिचं फोटो हायती. आवाज कुठंच न्हाई. सुनंनं घरातलं समदं मोबाईल धुंडाळलं. भाच्याच्या लग्नाचा एक व्हिडिओ हाय, त्यात ती कुणाला तरी काय तरी सांगून हासती, पर वरनं बँड वाजतोय. तिचा आवाज येकदाच साठवला हुता, तो मी पुसाय लावला. मला तो एकदा ऐकायचा हुता. बास. दुसरं काय बी नको हुतं.

चार महिनं असंच गेलं. मग वाईच्या एक बाई पाव्हणी म्हणून याय तयार झाल्या. कृष्णाकाठी त्यांच्या पर्यटकांच्या खोल्या. गाद्या, वाकळा समदं आमच्याकडनं घ्यायचं त्यांच्या मनात हुतं, पर त्या म्हणल्या, वाकळ कशी करत्यात ते करणाऱ्याच्या तोंडनं ऐकायचंय. करणारी तर गेली. मी म्हणलं, मी बोलतो.

शुक्रवार हुता. सून सकाळीच बाईंना आणाय वाईला गेलेली, चार वाजता दोघी येणार. सलीम टेंपो घिऊन सांगलीला. सुनंचा फोन आला, "अब्बा, दाराच्या फळ्यांवरनं आवाज घुमतोय, तेवढं काय तरी जाड ठोका दाराला."

घरात शिल्लक ऱ्हायलेली एकच वाकळ. ट्रंकंतली. सुई तशीच टोचलेली, दोरा तसाच, चवथा कोपरा उघडा. मला रीत ठाव न्हवती का? ठाव हुती. तरी ठोकली. म्हणलं, घास घालाय आता कोण हाय, आन वाकळ काय भाकरी मागाय येती व्हय?

जुम्म्याची नमाज करून आलो, भाकरी खाल्ली. दोन वाजलं असतील. म्हणलं जरा बोलून बघावं, बाईंपुढं त-त-प-प नको. फोन भाईर दुकानातच ठेवून आत गेलो, दार लावलं. लाल बटण दाबलं. "मी रहिमतपूरचा पिंजारी" म्हणलं, आन फुडं काय सुचंना. वाकळ कशी करत्यात? माझ्या घरात जलमभर शिवली गेली आन मला सांगता येईना! पयला टाका कुठनं घालत्यात तेबी ठाव न्हाई.

तवाच लाईट गेली.

खिडकी नसलेली खोली, दुपार काय आन रात काय. म्हणलं भाईर जावं. टेबलाकडं पाठ केली की चार पावलावर दार. चार पावलं गेलो, हाताला वाकळ लागली. दाराला वाकळ ठोकलेली, बरोबर हाय. कडी हुडकाय लागलो. गावंना. वाकळंखाली फळ्या पायजेत, तर मऊ. गादी. म्हणलं जरा चुकलो. बाजूला सरकलो. वाकळ, खाली गादी. अजून सरकलो. तेच.

मग डोस्कं चालवलं. म्हणलं, दारावरच्या वाकळंचा एक कोपरा उघडा हाय, तिथं सुई हाय. तो कोपरा गावला की दार गावलं. हातानं चाचपत निघालो. एकेका वाकळंचं कोपरं बघत. शिवलेला. शिवलेला. शिवलेला. आख्खी खोली फिरलो, दोनदा फिरलो. मला समद्या वाकळा ठाव, माझ्याच हातानं ठोकल्यात. उघडा कोपरा एकबी न्हाई!

 यंत्र बॅटरीवरचं, त्याचा लाल दिवा तेवढा दिसत हुता. त्याच्याकडं पाठ करून दाराकडं गेलं की चार पावलांनी तोच दिवा माझ्या म्होरं. मागं वळलो तर मागं अंधार. मी हाका मारल्या. तबस्सुम! सलीम! घरात कुणी न्हाई ते ठाव हुतं, तरी मारल्या. पर आवाज तोंडातनं भाईर पडला की तिथंच मरत हुता. माझा मलाच ऐकू येईना. मुठींनी भिताड बडवलं तर कापूस बडवल्यागत. कापसात जलम गेला माझा, पर असं कवा वाटलं न्हवतं... जणू मला गादीत घालून वरनं टाकं घातल्यात.

किती येळ गेला ठाव न्हाई.  दिव्याच्या अंदाजानं खुर्ची गावली, बसलो. आन आठवलं — तिला मी ह्याच खुर्चीवरनं उठवलं. तिचा आवाजबी असाच तोंडापाशी मरत असंल का? आख्खा जलम?

ते कानावरचं डबं हाताला लागलं. कानावर घातलं. त्यात माझा श्वास मोठ्यानं याय लागला. भात्यागत. मी ऐकत बसलो. जरा येळानं मी श्वास रोखला.

श्वास चालूच हुता.

हितवर मला आठवतंय. ह्याच्या फुडचं काय म्हंजी काय आठवत न्हाई.

मग एकदम उजेड. दार उघडं, दारात सून, तिच्या पाठीमागं वाईच्या बाई. सून म्हणत हुती, "अब्बा, कुणाशी बोलताय? एकटं काय करताय आत?" लाईट कवाच आली हुती म्हणं. दाराला भाईरनं कडी लावलेली न्हवती, आतनंबी न्हवती, एका बोटानं ढकललं आन उघडलं. मी खुर्चीत बसलेलो, कानाला डबं, त्वांड दुसऱ्या खुर्चीकडं. आन दार उघडताना दोघींनीबी माझं बोलणं ऐकलं. मी म्हणत हुतो, "बरं. तू बोल."

मी आधी दारावरची वाकळ बघितली. चवथा कोपरा शिवलेला. तांदळाच्या दाण्यायेवढं टाकं, एका मापात. सुई न्हाई, दोरा न्हाई. कोपऱ्यावर बोट दाबलं, आत घासायेवढं काय तरी कडक हाताला लागलं.

सून म्हणती, तुमीच शिवलं असंल, तुमाला आठवत नसंल. ह्या हातानं? बारकी सुई मला धरताच येत न्हाई. रातच्याला सलीम सांगलीवरनं आला, तो म्हणला, एक टाका उसवून बघू आत काय हाय. मी म्हणलं, हात लावशील तर याद राख!

त्याच्या आधी, बाई असतानाच, ते यंत्र लावलं हुतं. पावणेदोन तास साठलं हुतं. सुरवातीला माझं "रहिमतपूरचा पिंजारी". मग खडबड, मग माझ्या बोंबा. मग गप्प. आन मग माझाच आवाज, पर कसा? सावकाश. असा मी कवा बोलत न्हाई.

"व्हय."

मग लांब गप्प.

"हां... मग?"

परत गप्प. कुणी तरी बोलतंय आन मी ऐकतोय, असं. एका जागी मी हसलोय, पोट धरून. एका जागी म्हणलोय, "ते मला ठाव न्हवतं गं." एका जागी, "चुकलं माझं." आन एकदा, "बोल की, मी कुठं चाललोय?" तासाच्या वर असं चाललंय. मधल्या गप्पमधी सुनंनं आवाज पार वर करून बघितलं. काय न्हाई. नुसतं गप्प. तिचा एक शब्द त्यात न्हाई.

वाईच्या बाई तिथंच बसून ऐकत हुत्या. पदरानं डोळं पुसलं आन म्हणल्या, "आजोबा, हे कुणाला ऐकवू नका. आणि पुसूही नका." त्यांनी कामबी दिलं, दुकान चालू हाय, सलीम घरीच हाय. मी माईकपुढं परत बसलो न्हाई. आता सून पेठंतल्या आन वाडीवस्तीवरच्या वाकळवाल्या बायांना बोलवती. कुणी आईच्या लुगड्याचं सांगाय लागली, तर मी दारातनं निघून जातो. मधी बोलत न्हाई.

रोज दुपारी मातूर आत जातो. दार लावतो, दाराला आतनं ती वाकळ तशीच हाय. कानाला डबं लावून ते साठवलेलं ऐकतो. माझ्या "व्हय"च्या आधी ती काय म्हणली असंल, "मग?"च्या आधी काय म्हणली असंल, ते जुळवत बसतो. कवा जुळतं, कवा न्हाई. सून म्हणती, अब्बा, त्या खोलीतनं आता भाईर या. तिला काय सांगू, दाराला कडी लावलेली न्हाई, तरी ते मलाच गावत न्हाई.

डाक्टर म्हणला, म्हातारपणी कोंडलं की असं हुतंय. असंल. मग टाकं कुणी घातलं, ते त्यानं सांगावं. मला सांगता येत न्हाई. भूत मी मानत न्हाई, आजबी न्हाई. पर जलमात एकदा, तासाच्या वर, माझी बायको बोलली आन मी ऐकलं — येवढं माझ्यापशी साठवलेलं हाय. ती काय बोलली, ते न्हाई.